चिलटांच्या रेषेखाली

इथं राहायला आलं की सगळ्यात आधी शिकायचं ते तोंडाच्या कोपऱ्यातून फुंकर मारायला. खालचा ओठ जरासा पुढं काढायचा, कोपरा तिरका करायचा आणि बोलता बोलता, वाक्य न तोडता, फू करून हवा डोळ्यांकडं सोडायची. डोळ्यांच्या ओलीला लागलेली चिलटं क्षणभर हटतात आणि परत येतात. हात मोकळे राहतात, म्हणजे गप्पा मारता मारता मक्याची कणसं सोलता येतात. इथली म्हातारी माणसं हे इतक्या सराईतपणे करतात की समोरच्याच्या लक्षातही येत नाही. नवखा माणूस मात्र लांबूनच ओळखू येतो. तो आपला चेहऱ्यासमोर हात हलवत असतो, साऱ्या गावाला टाटा करत असल्यासारखा.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या पोटातून एक तिरपी रेष जाते. कोलंबस, मेकन, ऑगस्टा ही शहरं तिच्यावर वसलेली आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र इथवर होता. रेषेच्या वर टेकड्या आणि चिकण लाल माती, खाली सपाट रेताड जमीन. भूगोलाच्या पुस्तकात तिला फॉल लाइन म्हणतात, पण लोकांच्या तोंडी ती 'नॅट लाइन', म्हणजे चिलटांची रेष. रेताड जमिनीत या चिलटांची पैदास जोरात होते. अटलांटाकडची माणसं रेषेच्या वरची. ती आमच्याकडं येतात तेव्हा गाडीतून उतरताच कपाळाला आठ्या घालतात आणि तुम्ही इथं राहता कसे, असं विचारतात.

आम्ही राहतो कारण नवऱ्याची नोकरी. परदेशी डॉक्टर जे-वन व्हिसावर शिकायला आला की शिक्षण संपल्यावर त्याला दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ते टाळायचं तर जिथं डॉक्टर टिकत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं, असा नियम आहे. अमेरिकेच्या आडगावांतल्या दवाखान्यांत भारतीय, पाकिस्तानी, नायजेरियन नावांच्या पाट्या दिसतात त्याचं हे एक मोठं कारण. आमच्या वाट्याला नैर्ऋत्य जॉर्जिया आलं. सम्टर काउंटी, मोठं गाव अमेरिकस, आणि तिथून पश्चिमेला दहा मैलांवर प्लेन्स. आमचं भाड्याचं घर दोन्हींच्या मधे, शेताच्या बांधाला लागून. नवरा कामाला अमेरिकसकडं जातो, मी मात्र उठसूट प्लेन्सला.

प्लेन्स म्हणजे केवढं, तर 2020 च्या जनगणनेत 573 माणसं. दुकानांची एकच विटांची ओळ, तिच्यावर लांबलचक पत्र्याचं छप्पर. समोर रेल्वेचे रूळ, रुळांपलीकडं 1888 सालचं लाकडी स्टेशन. एक पेट्रोल पंप, तोही आता संग्रहालय. एक शाळा, 1979 साली बंद पडली, तीही संग्रहालय. गावात भाजीपाला नाही, डॉलर जनरल नावाचं स्वस्त वस्तूंचं साखळी दुकान आहे. आणि गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, तेरा फूट उंचीची एक भुईमुगाची शेंग दात काढून हसत उभी आहे. ते हसणं कुणाचं हे अमेरिकेत कुणालाही विचारा. जिमी कार्टर. अमेरिकेचे एकोणचाळिसावे अध्यक्ष, जन्म 1 ऑक्टोबर 1924, याच गावी.

लोकांना वाटतं या गावात बघण्यासारखं ते एवढंच. मलाही आधी तसंच वाटायचं. पण मी कराडकडची, शेंगांच्या मुलखातली. माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते शेताकडं.

भुईमूग जगात कुठंही वाढवा, त्याची तऱ्हा एकच. पिवळं फूल वर येतं, फळतं, आणि मग त्याच्या देठातून आरी सुटते. ती वाकते, मातीत घुसते आणि शेंग जमिनीखाली धरते. म्हणून जमीन भुसभुशीत हवी. आमच्याकडं आऱ्या सुटायच्या वेळेला भर लावतात, मोकळा पिंप वेलांवरून फिरवतात. इथल्या रेताड मातीला त्याची गरज पडत नाही. जात सगळी पसऱ्या, तिला ते रनर म्हणतात. दोन ओळी जुळून आल्या की जुलैत सगळं रान गच्च हिरवं होतं, मधली माती दिसत नाही. अमेरिकेतला जवळपास निम्मा भुईमूग एकट्या जॉर्जियात पिकतो आणि त्यातला बराचसा या चिलटांच्या रेषेखाली.

काढणीची वेळ ठरवायची इथली पद्धत मी मुद्दाम जाऊन पाहिली. शेतकरी रानातून थोडे वेल उपटतो, शेंगा बादलीत घालून काउंटीच्या शेती सल्ला कार्यालयात आणतो. हे कार्यालय म्हणजे विद्यापीठाची शाखा, जवळजवळ प्रत्येक काउंटीत एक. तिथला माणूस शेंगांवर जोराच्या पाण्याचा फवारा मारून वरची साल उडवतो. आतला थर उघडा पडतो. पांढरा-पिवळा असेल तर शेंग कोवळी, नारिंगी झाली तर मध्यम, तपकिरी किंवा काळी झाली तर पक्की. मग एका फळीवर रंगाप्रमाणे शेंगा ओळीने मांडतात आणि ती नक्षी बघून सांगतात, अजून दहा दिवस थांब, किंवा उद्याच काढणीला लाग. मी शेजारी उभी राहून बघत होते आणि मला हसू आवरेना. माझे आजोबा शेंग दातांनी फोडायचे, दाणे तोंडात टाकायचे आणि टरफलाची आतली बाजू उजेडाला धरायचे. काळसर पडली असली की म्हणायचे, "धरा आता." फवारा नव्हता, फळी नव्हती. निदान तेच.

काढणी मात्र बघत राहावी अशी. ट्रॅक्टरमागचं यंत्र वेल मुळासकट उचलतं, हलवून माती झाडतं आणि उलटं करून ठेवतं. मुळं आणि शेंगा आभाळाकडं, पाला खाली. सकाळी हिरवं असलेलं रान दुपारपर्यंत फिकट पिवळं होतं. वास असा सुटतो की गाडीच्या काचा बंद ठेवूनही आत येतो. ओली माती, चुरलेला पाला आणि कच्च्या दाण्याचा दुधाळपणा. तीन-चार दिवस ऊन खाऊ द्यायचं, मग दुसरं यंत्र येऊन शेंगा झोडून नेतं. या तीन-चार दिवसांत पाऊस आला तर घरातलं कुणी कुणाशी बोलत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे तर मेक्सिकोच्या आखातातल्या वादळांचे दिवस. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये मायकेल वादळ आलं तेव्हा या भागातली पिकानची जुनी झाडं हजारोंनी आडवी झाली. पिकान म्हणजे अक्रोडाच्या जातीचं फळ. झाड धरायला लागायला कितीतरी वर्षं लागतात. पीक पुढच्या हंगामात परत घेता येतं, बाग नाही. शेजारचे आजोबा अजून त्या बागेकडं बोट दाखवून सांगतात, इथं सावली होती.

ओल्या शेंगा हा आमचा आणि यांचा आणखी एक समान धागा. ऑगस्ट लागला की रस्त्याच्या कडेला मोठं पातेलं, खाली गॅसची शेगडी, पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेली पाटी. खारट पाण्यात उकडलेल्या शेंगा. आपण कुकरला दोन-तीन शिट्ट्या दिल्या की झालं म्हणतो. हे लोक तासन्‌तास रटरटत ठेवतात, दाणा वालासारखा मऊ होईपर्यंत. कागदी पिशवीत भरून देतात आणि पिशवीचा तळ गाडीत बसेपर्यंत भिजून जातो. पाच-सहा वर्षांचा जिमी कार्टर रानातल्या शेंगा उपटून, धुऊन, उकडून, पुड्या बांधून याच गावात पाच सेंटला एक अशा विकायचा. कोण गिऱ्हाईक पैसे देतं, कोण हिडीसफिडीस करतं, यावरून माणसांची पारख झाली असं ते पुढं सांगायचे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथून आफ्रिकेत गेला आणि गुलामांच्या जहाजांबरोबर इकडं आला. तो लावायचा कसा, उकडायचा कसा, हे इथं ठाऊक होतं ते त्या माणसांना. हसऱ्या शेंगेजवळ फोटो काढताना हे कुणाच्या मनात येत नसावं.

इथल्या बायकांना हाक मारायची रीत मला फार आवडली. पहिल्या नावामागं 'मिस' लावायचं. लग्न झालेलं असो, नातवंडं असोत. सलगीही राहते, मानही राहतो. आपण अनोळखी बाईलाही मावशी म्हणतो, त्यातलाच प्रकार. तर या गावातली सगळ्यात मोठी मावशी म्हणजे मिस लिलियन, अध्यक्षांची आई. तिच्यापायी माझं या गावाशी सूत जमलं.

झालं असं की स्टेशनजवळच्या बाकावर एका वयस्क बाईनं मला विचारलं, भारतातली कुठली? मी सवयीनं सांगितलं, मुंबईच्या जवळची. एरवी यावर लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. ही म्हणाली, "म्हणजे विक्रोळी?" मी तिच्याकडं बघतच राहिले. अमेरिकेतल्या पाचशे माणसांच्या खेड्यात विक्रोळी! माझ्या मामांची अख्खी हयात गोदरेजच्या कॉलनीत गेली. सुट्टीत आम्ही तिथंच असायचो. त्यांच्या तोंडून मी कधी लिलियनबाईंचं नाव ऐकलं नव्हतं.

लिलियन कार्टर 1898 च्या. शिक्षण परिचारिकेचं. नवरा 1953 साली गेला. 1966 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेत, नाव घातलं आणि त्यांची रवानगी झाली विक्रोळीला. तिथं सुरुवातीला कुटुंबनियोजनाचं काम आणि नंतर दवाखान्यात. जवळजवळ दोन वर्षं. प्लेन्सच्या सुखवस्तू घरातली, घरकामाला माणसं असलेली बाई, जखमा बांधत होती, इंजेक्शनं देत होती. घरी लिहिलेली पत्रं पुढं पुस्तकरूपानं आली. परत आल्यावर गावानं काय काय विचारलं असेल ते मी कल्पनेनं ऐकू शकते. साताऱ्याकडची एखादी आजी अडुसष्टाव्या वर्षी जॉर्जियात शुश्रूषेला निघाली असती तर आमच्या गल्लीत कमी चर्चा झाली असती का?

पण लिलियनबाई भारतात जाण्याच्या कितीतरी आधीपासून गावात बोलण्याचा विषय होत्या. कार्टरांचं शेत गावापासून अडीच-तीन मैलांवर, आर्चरी नावाच्या वस्तीत. वस्ती जवळजवळ सगळी काळ्या कुटुंबांची. 1938 पर्यंत घरात वीज नव्हती. लिलियनबाई या कुटुंबांत बाळंतपणं करायच्या, आजारपणं काढायच्या, पैसे मागायच्या नाहीत. आणि काळ्या शेजाऱ्यालाही पुढच्या दारानं आत घ्यायच्या. आजच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. त्या काळात जॉर्जियात काळ्या माणसानं गोऱ्याच्या घरी मागच्या दारानंच यायचं, असा दंडक होता. त्यांचे यजमान तो पाळायचे. एका छपराखाली दोन रीती चालत होत्या आणि मुलगा दोन्ही बघत होता.

मला या गावाबद्दल जे सांगायचं आहे ते याच दारापाशी येतं. प्लेन्स प्रेमळ आहे, यात वाद नाही. नवरा इन्फ्लुएन्झानं आडवा पडला तेव्हा तीन घरांतून पातेली आली. पातेल्याखाली पट्टी चिकटवलेली, पट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे परत करताना पुन्हा बोलणं व्हावं. माझी गाडी दोन दिवस जागची हलली नाही तर कुणीतरी दार वाजवतं. पोस्टात गेलं की आपलं पत्र कुठून आलंय ते आपल्याआधी तिथं उभ्या असलेल्या तिघांना कळलेलं असतं. अमेरिकेत कुणी कुणाचं नसतं, हे वाक्य मी पुण्यात इतक्यांदा ऐकलं होतं; ते म्हणणाऱ्यांनी शहरं पाहिली, गाव पाहिलं नाही. गाव इथंही गावच आहे. गावकी आहे, भावकी आहे, बांधावरून धरलेले अबोले आहेत. आणि गाव म्हटलं की पहिला प्रश्न येतोच की गावात कोण धरायचं आणि कोण नाही.

आम्हाला हा प्रश्न सौम्य रूपात भेटला. "कुठल्या चर्चला जाता?" इथली पहिली ओळख यानंच होते, कुत्सितपणा नसतो, आपण आडनाव ऐकून गाव विचारतो तसं असतं. मी सुरुवातीला लांबण लावायची. आता सरळ सांगते, आमच्या घरातच देव आहेत. त्यावर शेजारीणबाई म्हणाल्या, बरं झालं, पावसात बाहेर पडायला नको.

पण इथल्या काळ्या कुटुंबांना हा प्रश्न सौम्य रूपात कधीच भेटला नाही. इथून ईशान्येला अँडरसनव्हिल आहे, यादवी युद्धातला दक्षिणेचा तुरुंग. सुमारे 13,000 उत्तरेचे सैनिक तिथं भुकेनं आणि रोगराईनं मेले. ते युद्ध गुलामगिरीवरून पेटलेलं. युद्ध 1865 ला संपलं, पण मागचं दार पुढं शंभर वर्षं राहिलं. 1961 च्या डिसेंबरात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली ती ऑल्बनी शहरात. ठेवलं मात्र अमेरिकसच्या तुरुंगात. 1942 साली क्लॅरेन्स जॉर्डन नावाच्या धर्मोपदेशकानं अमेरिकसजवळ कोइनोनिया नावाचं शेत काढलं. तिथं काळे-गोरे एका पंगतीला जेवत आणि सारखी मजुरी घेत. पन्नाशीच्या दशकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, बॉम्ब टाकले गेले, कुणी त्यांना बी-बियाणं विकेना, त्यांचा माल कुणी घेईना. मग त्यांनी पिकान टपालानं देशभर विकायला सुरुवात केली. ते शेत अजून चालू आहे, पिकान अजून टपालानं जातात. दिवाळीत मी अनारशांवर खसखशीबरोबर त्यांचाच पिकान लावते. चांगला लागतो, आईला सांगितलेलं नाही.

त्याच काळात प्लेन्समध्ये गोऱ्यांची एक परिषद निघाली, वर्णभेद टिकवण्यासाठी. गावातले जवळजवळ सगळे गोरे पुरुष सामील झाले. तरुण कार्टर वडिलांच्या मृत्यूनंतर नौदल सोडून शेंगांचं गोदाम सांभाळायला परतलेले. त्यांनी नाही म्हटलं. वर्गणी आम्ही भरतो, तू नुसतं नाव दे, असंही सांगून पाहिलं. काही दिवस गिऱ्हाईक तुटलं. 1965 मध्ये गावातल्या बॅप्टिस्ट चर्चनं काळ्यांना प्रवेश द्यायचा नाही असा ठराव मताला टाकला. विरोधात मतं पडली ती कार्टर कुटुंबाची आणि आणखी एकाची. पुढं 1976 मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीला दोन दिवस उरले असताना, एक काळा धर्मोपदेशक त्याच चर्चच्या दारात येऊन उभा राहिला, आणि चर्चनं त्या रविवारची प्रार्थनाच रद्द केली. साऱ्या जगाचे कॅमेरे गावात होते. त्यातून चर्च फुटलं आणि 1977 मध्ये मरानाथा बॅप्टिस्ट चर्च निघालं. कार्टर पुढं कित्येक वर्षं तिथं रविवारचा वर्ग घेत. माजी अध्यक्षांचा वर्ग ऐकायला लोक पहाटे अंधारात रांग लावत.

ही गोष्ट इथं मोठ्या आवाजात सांगितली जाते ती कार्टरांच्या बाजूनं. काळ्यांना बाहेर ठेवायला मत दिलेल्यांची नावं कुणी घेत नाही. घेणार कसे? त्यांचीच नातवंडं मला पातेलं आणून देतात. यात मी कुणाला ढोंगी म्हणणार नाही. आमच्याही गावात वेशीबाहेरची वस्ती होती, पाणवठा वेगळा होता, आणि आज त्यावर बोलायचं म्हटलं की घरचे लोक चहा टाकायला उठतात. पण गावपणाचं कौतुक करणारे लेख मी आता संशयानं वाचते. पातेलं कुणाच्या दारी जातं आणि कुणाच्या जात नव्हतं, हे त्यात कधी लिहिलेलं नसतं.

कार्टरांबद्दल गावाचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. जगात त्यांची ओळख इजिप्त-इस्रायलमधला कॅम्प डेव्हिड करार, 2002 चं शांततेचं नोबेल, गिनी वर्म नावाच्या नारूचा जवळजवळ केलेला नायनाट. गावात ओळख अशी की माणूस अध्यक्षपद संपून 1981 ला घरी आला तेव्हा गोदामावर दहा लाख डॉलरचं कर्ज झालेलं होतं, ते त्यानं फेडलं. 1961 साली बांधलेल्या साध्या बैठ्या घरातच राहिला. चर्चचं गवत कापायचा. लाकूडकाम करायचा. अमेरिकसला 1976 मध्ये सुरू झालेल्या हॅबिटॅट संस्थेसाठी हातोडा घेऊन घरं बांधत जगभर फिरला. 2006 मध्ये लोणावळ्याजवळ शंभर घरं बांधायला हजारो स्वयंसेवक जमले होते, त्यांत हे नवरा-बायको होते. मी हे मराठीपणाच्या अभिमानानं इथं कुणाला तरी सांगितलं तर ती व्यक्ती म्हणाली, हो, आणि परत आल्यावर भुईमुगाबद्दल बोलला. तुमच्याकडं म्हणे शेंगा उपट्या, म्हणजे उभ्या वाढणाऱ्या असतात.

कार्टरांच्या पत्नी रोझलिनबाईही याच गावच्या, 1927 च्या. त्यांच्या जन्माच्या वेळी लिलियनबाईच होत्या; मग पोरगी दाखवायला जवळजवळ तीन वर्षांच्या जिमीला घेऊन गेल्या. 77 वर्षांचा संसार. याला स्थळ बघणं म्हणावं तर सगळ्यात लवकर झालेलं स्थळ. 2023 च्या नोव्हेंबरात त्या गेल्या, 29 डिसेंबर 2024 ला ते गेले, वयाची शंभरी उलटून.

4 जानेवारीला अमेरिकसहून शवपेटी निघाली तेव्हा आम्ही रस्त्याकडेला उभे होतो. थंडी, त्यामुळं चिलटं नव्हती. ताफा प्लेन्समधून हळू गेला, पुढं आर्चरीच्या शेताशी थांबला. तिथली शेतावरची घंटा 39 वेळा वाजवली. नंतर अटलांटा, वॉशिंग्टन, सगळा सरकारी मानमरातब, आणि 9 तारखेला परत गावी, घराच्या आवारात, रोझलिनबाईंच्या शेजारी. त्या आठवड्यात गावात इतकी माणसं आली की गावकरी गावात दिसेनात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काळ्या आजी आर्चरीच्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्यांच्या जन्माच्या वेळी मिस लिलियन होत्या, एवढं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या बाईची टोपी फार मोठी आहे अशी तक्रार केली.

आता पुढं काय, ही काळजी प्रत्येकाला आहे, फक्त प्रत्येकाची वेगळी. दुकानांच्या ओळीत शेंगदाण्याचं आईस्क्रीम विकणाऱ्यांना पर्यटकांची. नवऱ्याच्या दवाखान्याला डॉक्टरची. कार्टर हे इस्पितळात जन्मलेले पहिले अमेरिकी अध्यक्ष, आणि ते इस्पितळ प्लेन्सचं होतं. आज इस्पितळ हवं असेल तर अमेरिकस गाठावं लागतं. 2007 च्या मार्चमध्ये टॉर्नेडोनं अमेरिकसचंही इस्पितळ उद्ध्वस्त केलं होतं, ते नव्यानं उभं करायला काही वर्षं गेली. तरणी पोरं कोलंबसला, अटलांटाला जातात. शेतं मोठी होत चाललीत, शेतकरी कमी. 2010 ते 2020 या दशकात गावाची सातशे शहात्तर माणसं होती त्यांची पाचशे त्र्याहत्तर झाली. कार्टरांच्या दहा एकरांत 2017 मध्ये सौर ऊर्जेची पॅनेलं उभी राहिली, गावाची निम्म्याहून जास्त वीज त्यातून निघते. जुन्या शेतकऱ्यांना ते फारसं आवडलेलं नाही. त्या जमिनीत शेंगा चांगल्या येत होत्या म्हणतात.

शेजारच्या आजोबांना कशाचीच काळजी नाही, एक पाऊस सोडून. परवा कुंपणापाशी उभे राहून फुंकर मारत मला म्हणाले, पर्यटक येतील न येतील, पण यंदा एप्रिल कोरडा गेला तर सगळ्यांचीच बोंब. मग नवऱ्याची तीन वर्षं कधी संपतात, असं विचारलं. मी सांगितलं, अजून ठरायचंय, पुण्यालाही विचार चालू आहे. त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकून सोडून दिलं असावं. कारण सप्टेंबरअखेर गावात शेंगांचा उत्सव असतो, त्याच्या पदार्थांची यादी चर्चच्या फळ्यावर आत्ताच लागली आहे आणि त्यात माझ्या नावापुढं मला न विचारता शेंगदाण्याची चटणी लिहिलेली आहे, दहा पौंड, कमी तिखट.